शेजारची खुर्ची

अहो,

तुमचा तेरावा झाला नि तुमच्या मोबाइलवर मेसेज आला: पुढं ढकललेल्या नाटकाची नवी तारीख चालेल, की तिकिटांचे पैसे परत हवेत? आपली सोनम म्हणाली, "आई, परत घे की. बाबांशिवाय कशाला जातीस?" पण तुम्ही हौसेनं काढलेली तिकिटं माझ्याच्यानं रद्द करवेनात.

काल भवानी पेठेतून रिक्षानं एकटीच गेले. दारावरची मुलगी तुमच्या मोबाइलवरची तिकिटं तपासून म्हणाली, "काकू, यातलं एक तिकीट मगाशीच आत गेलंय."

मोबाइल दिवसभर माझ्याच पर्समध्ये होता.

आत दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मध्यंतरात एका बाईंनी विचारलं, "हितं कुणी हाय का?"

"व्हय," मी म्हणाले, "आमचे हे हायत."

नाटक संपेपर्यंत मी तिकडं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं नि तुम्ही दिसला नसतात, तर घरी एकटीनं यावं लागलं असतं.

तुमचीच,
विजयमाला