रेशमी अस्तर

१२ जानेवारी, शुक्रवार

प्रिय धाकट्या,

प्रभूमध्ये सलाम. तू पाळक झालास तरी मला धाकटाच. 'पाळकसाहेब' रविवारपुरतं ठेवतो. इकडे थंडी चिवट आहे. सकाळी खिडकीची काच धुरकटते, मी बोटाने तिच्यावर शाळेतल्या कवितांच्या ओळी लिहितो. तुझी वहिनी पलंगावरून म्हणते, "पुसा ते, रस्ता दिसू दे." आमच्या घरी कवितेला एवढाच मान.

तुझा निरोप पोचला. वहिनीचा नवा कोट दुकानात परत करावा, पैसे गरिबांच्या निधीत टाकावेत. नाहीतर रविवारचा शास्त्रपाठ यापुढे माझ्याऐवजी दुसरा कोणी वाचेल. मंडळीपुढे साधेपणाचा आदर्श हवा, म्हणतोस.

कोट परत होणार नाही.

तिसरीच्या पुस्तकातली तळ्याची कविता आठवते? मी म्हणायचो आणि तू माझा सदरा धरून उभा असायचास. त्या तळ्याचा जो निळा मी मनात धरला होता, तोच या कोटाचा. आत रेशमी अस्तर आहे. होय, रेशमी.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे: चांगलं ते चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकायचं आणि अंगावर पेटीतलंच घालायचं. एकदा उपासनेनंतर पायऱ्यांवर वकीलणबाईंनी वहिनीच्या तेव्हाच्या कोटाची बाही चाचपली. "अगंबाई, हा तर माझाच. बटणं मीच बदलली होती. असू दे हो, छान बसतो तुला." तू शेजारी होतास, हसलास. तीही हसली. पुढच्या रविवारपासून ती शेवटच्या बाकावर बसू लागली, आणि तू त्या नम्रतेवर प्रवचन दिलंस.

महागडं सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतणाऱ्या बाईचा भाग मी किती वेळा वाचला असेन. हे विकून गरिबांना देता आलं असतं, असं तिथे कोण म्हणालं? पुढे प्रभूला धरून देणाऱ्या त्या शिष्याचं नाव इथे लिहीत नाही. वर तुझं नाव घातलंय, त्याच पानावर मला ते नको.

शिंप्याने कोट दोनदा आत घेतला. परवा म्हणाला, "काका, आता शिवण सरकायला जागाच नाही." डॉक्टरही तेच म्हणतात, जरा आडवळणाने. ती अंथरुणातच कोट घालून बसते. खिशांत हात घालते आणि म्हणते, "बघा, कुणाचा रुमाल नाही, कुणाचं जुनं तिकीट नाही."

चर्चमधल्या त्या उंच टेबलाशी उभं राहून शास्त्रातले शब्द मोठ्याने म्हणणं, माझ्याकडे श्रीमंती म्हणावी अशी तेवढीच. ती घे. ज्याला देशील त्याला सांग, वाक्य संपल्यावर घाई करू नकोस, लोकांना ऐकू दे.

रविवारी तिला उठता आलं तर आम्ही पहिल्या बाकावर बसू. नाही आलं, तर तू घरी ये, तिच्या उशाशी प्रार्थना कर. कोटाबद्दल अवाक्षर काढू नकोस. आणि पुढे तुलाच तिची शेवटची उपासना घ्यावी लागली, तर तो तिच्या अंगावर असेल. चर्चच्या पेटीत जाणार नाही.

आधी तिचा नवरा, मग तुझा,
दादा