आबांच्या दाढेचा खिळा

३ फेब्रुवारी
आबांना घेऊन कळंबहून कर्जतला, दातांच्या दवाखान्यात. संतोषला सुट्टी नाही. बाप त्याचा, नेणार मी. खालची दाढ पडून चार वर्षं झाली. डॉ. म्हणाले, हाडात स्क्रू बसवू, हाड धरेपर्यंत तीन महिने थांबू, मग वर टोपी. आबा खूश. "म्हंजे पावसात चिंबोऱ्या कडाकडा फोडनार बग मी. एक डेंगा तुला." नांगी कसली देतायत!
निघताना डॉ.नी दोनदा बजावलं. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, हार्टच्या डॉ.ना विचारा.

७ फेब्रु.
खोपोलीला हार्टच्या डॉ.ना फोन. एंगेज. परत केला नाही. वाटाणे सोलायचे होते, आणि मला सगळं कळतं ना! माझी दाढ काढली तेव्हा उशी भिजली होती रक्ताने. आबांचं तसं नको. ती गोळी काढून ठेवली. आठवड्याची डबी मीच भरते, कोण बघतंय.

१० फेब्रु.
स्क्रू बसला. डॉ.नी विचारलं, गोळीचं विचारलंत? "हो" म्हटलं. रक्त जेमतेम. बघा, मीच शहाणी.
आबा घरी येऊन सगळ्यांना आ करून दाखवतायत. "खिळा ठोकला गं तोंडात. आता मी काय हालत नाय."

१६ फेब्रु.
गोळी परत सुरू करायची राहिलीच! भांडी घासताना आठवलं. उद्या सकाळपासून.

१७ फेब्रु.
आबा गेले. सकाळी सातला. ओटीवर चहा घेत होते, कप पडला. छातीत कळ म्हणाले, एवढंच.
डबी आठला उघडते मी.

१९ फेब्रु.
अस्थी सावडल्या. राखेत स्क्रू निघाला. चुलतदीर लाकडातला खिळा समजून फेकत होता, संतोषने हात धरला. कागदात गुंडाळून घरी आणलाय. देवळीत ठेवलाय. मी तिकडे बघत नाही.

२६ फेब्रु.
दहावा. नदीवर. कावळा शिवेना. समोर उंबरावर तीन बसलेले. संतोष हात जोडून, "आबा, आयला संबाळतो." नाही. नणंद, "माहेरी येत ऱ्हाईन." नाही. मग मागून कुणीतरी, "दात ऱ्हायला रं त्यांचा." सगळ्यांना पटलं. देवळीतला स्क्रू संतोषने येताना खिशात घातलेला, तो काढून पिंडाजवळ ठेवला. "पयली चिंबोरी तुमच्या पानावर, आबा." ढसाढसा रडला.
कावळे हलले नाहीत. दाताचं नव्हतंच ते. मला माहीत होतं, आणि त्यांना. गोळी, एवढा एक शब्द. तोंडात आला होता. गिळला.
शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

१ मार्च
आठ वाजले की हात डबीकडे जातो. काढून ठेवलेल्या गोळ्या मिठाच्या बरणीमागे आहेत. टाकवत नाहीत. त्या घेतल्या असत्या तर वाचले असते का, कोण सांगणार? विचारायचं कुणाला? विचारायचंच तर होतं तेव्हा.

५ मार्च
संतोष उद्या दातांच्या डॉ.कडे जातोय. "जाब इचारतो. त्या खिळ्यानंच गेला बाप माजा." डॉ. बिचारे सांगतीलच, तुमच्या बायकोला बजावलं होतं, ती हो म्हणाली.
त्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा…
एवढं लिहिलं आणि सासूबाई आल्या. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं नि आबांची तीच डबी पुढ्यात ठेवली. "माज्या पन तूच भर गं. त्यांची एक गोळी चुकली नाय तुज्या हातनं."
भरल्या. सात खण. दोनदा तपासले. तिसऱ्यांदा मोजायला घेतले, तर त्या म्हणाल्या, आदी जेवून घे.
संतोष अंगणात गाडी पुसतोय. बरणीमागच्या गोळ्या काढून इथे वहीवर ठेवल्यात. हाक मारलीय त्याला.
हात धुऊन येतो म्हणाला.