विमान ब्रॉनी चालवणार आहे

कॉलिन,

शेड रिकामी दिसली तर घाबरू नकोस. दक्षिणेकडच्या कुरणांतल्या बोअरना गुरांपुरतं पाणी आहे का, ते बघायला आम्ही विमान घेऊन जातोय. ब्रॉनी चालवेल, मी तिच्या शेजारी बसेन. तू नको म्हणाला होतास, ठाऊक आहे मला. पण आपल्या लॅकीचं विमान पडून तो गेल्यापासून तू हे शेडबाहेरच काढलेलं नाहीस, आणि पोरगी आता सोळाची झाली.

थंड मटण फ्रीजमध्ये आहे.

काल तिने विचारलं, "आई, बाबा जेवताना मध्येच उठून अंगणात का जातात गं?"

मी म्हटलं, "गुरं बघायला."

"खोटं नको बोलूस. लॅकीदादाच्या विमानाचा आवाज मलाही येतो."

मलाही येतो, कॉलिन. दोन वर्षं आपण तिघं एका टेबलाशी बसून तो ऐकतोय, आणि एकमेकांना नुसतं 'मीठ दे' म्हणतोय.

आज दुपारी ऐकू येईल तो आवाज आमचा असेल. आत बसून राहू नकोस. धावपट्टीवर कांगारू येऊन बसतात, तेवढे हाकलून ठेव. ब्रॉनीला उतरायचंय.

मार्गी