घड्याळवालीची पत्रं, लोकरी कोट आणि इतर चीजवस्तू यांची व्यवस्था

मी, छापखाना चालवणारी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात मत्सराचा उल्लेख नाही. तो मी करते.

कलम १. छापखाना, दोन्ही यंत्रं आणि वरची राहती खोली माझ्या पुतणीला मिळावी. पोरगी कामाची आहे, आईवर गेलेली नाही. लहान यंत्र सकाळी कुरकुर करतं. त्याला आधी तेल द्यावं, मग शिव्या.

कलम २. पुतणीची आई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दातांच्या डॉक्टर, आणि आमच्या उद्योजक महिला मंडळाच्या एकोणीस वर्षं अध्यक्ष. त्यांना यातून काहीही मिळू नये. कारण लिहायची गरज नाही असं वकीलबाई म्हणतात. मी लिहिणार.

आमच्या मंडळाचं परदेशातल्या एका मंडळाशी नातं जुळलं. तिकडची अध्यक्ष घड्याळं बनवायची. तिच्या पत्रांना उत्तरं मी लिहायची, खाली सही जाऊबाईंची. परकी भाषा मला येत होती. जाऊबाईंना अध्यक्षपद येत होतं. पहिली दोन पत्रं नुसती मंडळाची होती. मग तिने विचारलं, भिंतीवरच्या घड्याळांच्या तबकड्या तुमच्याकडे छापून मिळतील का? मी छापून दिल्या. आकडे जाड हवेत की बारीक, यावर आम्ही वर्षभर भांडलो, आणि त्या भांडणातच मैत्री झाली. तिचा नवरा गेला तेव्हा तिने मला चार पानं लिहिली. माझी आई गेली तेव्हा मी तिला सहा लिहिली. खाली सही मात्र ठरलेलीच. खरं सांगायचं आधी राहून गेलं, मग सांगायची लाज वाटायला लागली.

पुढे तिच्या गावी व्यावसायिक स्त्रियांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं. प्रत्येक मंडळातून एकीलाच बोलावणं होतं. मी कोट शिवून बसले होते. गेल्या जाऊबाई. परत आल्यावर जेवताना हसत म्हणाल्या, "अगं, काय काय लिहून ठेवलं होतंस तू? तिने मला गच्च मिठी मारली. आई गेल्याबद्दल दुभाष्याकरवी किती समजूत घातली! मला आपलं रडावं लागलं." त्यांच्या मातोश्री तेव्हा शेजारच्याच खुर्चीवर बसून दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होत्या.

माझ्या आईसाठी या रडल्या! माझी मिठी यांनी घेतली! त्या दिवसापासून माझा जो जळफळाट होतोय तो वयाने जरासुद्धा कमी झालेला नाही. वर घड्याळवालीने भेट दिलेलं, माझ्या तबकडीचं घड्याळ जाऊबाईंच्या दवाखान्यात लटकतंय. ते कागदोपत्री माझं नाही, म्हणून मला कोणाला देता येत नाही. दाढ ठणकली तरी मी त्या दवाखान्यात पाऊल ठेवत नाही.

कलम ३. लोकरी कोट, एकदाही न घातलेला. जाऊबाईंनी अधिवेशनासाठी उसना मागितला होता. बाह्या उसवल्यात म्हणून सांगितलं. उसवलेल्या नव्हत्या. मंडळातर्फे परदेशी जाणाऱ्या पहिल्या अशा बाईला तो द्यावा, जिने पत्रं स्वतः लिहिली असतील.

कलम ४. मी लिहिलेल्या सगळ्या पत्रांच्या कार्बन प्रती घड्याळवालीला पाठवाव्यात. ती थकली आहे, पण आहे. सोबत या मृत्युपत्राची नक्कल द्यावी. जिवंतपणी माझी हिंमत झाली नाही. ती चिडली, तर निदान मला ऐकावं लागणार नाही.

कलम ५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मग जाऊबाईंहून योग्य साक्षीदार कोण? आजवर माझ्या मजकुराखाली त्यांनी न वाचता सह्या केल्या. हा मात्र पूर्ण वाचावा, आणि तो मी लिहिलाय एवढं एकदा लिहून द्यावं. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको.

ठिकाण: छापखाना, मागची खोली
दिनांक: पाच तारीख, सोमवार

सही: छापखानेवाली

साक्षीदार पहिली: वकीलबाई. माझ्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरी: मोठी जाऊ. सगळं वाचलं. वरचा मजकूर हिचाच. पत्रंही सगळी हिचीच. घड्याळ आज संध्याकाळी पाठवते. मिठी तेवढी परत करता येत नाही. तिथल्या तिथे खरं सांगता आलं असतं. पण मला तशी मिठी कोणी कधी मारली नव्हती.