धड्यातले बाबा

मलकापूर, ४ नोव्हेंबर २०२४

चि. समता हिला अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

जिनिंगमध्ये तीन वर्षांत तिसऱ्यांदा सगळं बदललं. आधी गणवेश, मग हजेरीला अंगठा, आता कापसाची प्रत सांगणारं यंत्र. सत्तावीस वर्षं मी चिमटीत धागा ओढून त्याची लांबी सांगतो. आता महिनाभर यंत्राला माझ्याकडून शिकवून घेणार आहेत. ते शिकलं की मी कुठे, हे साहेब सांगत नाहीत. निवृत्तीला चार वर्षं आहेत. कंपन्यांतल्या माणसांना बदल स्वीकारायला शिकवणं हेच तुझं काम, म्हणून तुलाच विचारतो. काय करू?

तुझे बाबा,
इंद्रभान

पुणे, १२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना सप्रेम जय भीम. आईलाही.

बदलाला हसून सामोरं जाणाऱ्याला कोणी काढत नाही, हे मी रोज शिकवते. घरच्यांनीही कधी ऐकावं! यंत्राला मन लावून शिकवा. आणि एक गंमत सांगते. आमच्या नव्या पुस्तिकेत एक धडा तुमच्यावर आहे, नाव तेवढं बदललंय. पंचेचाळिशीत कॅलेंडरच्या पाठीमागे कळफलकाचं चित्र काढून तुम्ही संगणक शिकलात, ते सगळं लिहिलंय. शेवट मात्र मी रचला: कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर हसत आपली खुर्ची यंत्राला देतो. आमचे साहेब बेहद्द खूश! पुस्तिका आता आपल्या भागातल्या कंपन्यांतही जाणार आहे.

रागावलात तरी लोभ ठेवा.
तुमची समता

मलकापूर, ९ डिसेंबर २०२४

चि. समता हिला आशीर्वाद.

तुझा धडा पोचला. शनिवारी आम्हा पाच ग्रेडरना गोदामात बसवून साहेबांनी तो मोठ्याने वाचला. कॅलेंडर आलं तेव्हा मला कळलं, हा मीच. असा येडा माणूस कुठं असते काय बे, असं शेजारचा देवानंद पुटपुटला. शेवटी टाळ्या वाजवायला सांगितल्या. सगळ्यांत आधी मी वाजवल्या, कारण लिहिलं माझ्या लेकीनं होतं. मग राजीनाम्याचे कागद वाटले आणि धड्यातल्यासारखं हसत सही करा म्हणाले. मी सही केली. हसणं जमलं नाही.

मला राग आला आहे, समता. यंत्राचा नाही, तुझा. आईला नोकरी गेल्याचं तेवढं सांगितलं, धड्याचं नाही. आजही सकाळी जिनिंगचा भोंगा झाला आणि मी डबा मागितला. ती म्हणाली, आता भोंग्याशी तुमाले काय करा लागते. मग बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो.

तुझ्या धड्यातला माणूस खुर्ची देतो आणि धडा संपतो. घरी आल्यावर तो दिवसभर काय करतो, तेवढं लिहून पाठव.

लोभ कमी झालेला नाही, म्हणूनच हे लिहिलं.
तुझे बाबा