फुलामायच्या नवऱ्याचं नाव

प्रिय फुलामाय,

तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, कारण आज कोतवाल तुझ्या मरणाची नोंद करायला आला होता आणि त्याच्या एका प्रश्नाला मंगरुळात कुणाकडेच उत्तर नव्हतं. तुझ्या नवऱ्याचं नाव काय लिहू, असं त्याने विचारलं. तुझ्या भाजीच्या वाडीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार होते गं?

साऱ्या पेठेतल्या बायकांच्या नवऱ्यांची नावं तू घेत होतीस! कचेरीत, दवाखान्यात, जिथे नवऱ्याचं नाव घ्यायला बाईची जीभ अडायची तिथे तुला बोलावणं यायचं. भाजीची टोपली उतरवून तू तशीच निघायचीस.

आमचे हे गेले तेव्हा मी कशी होते, आठवतं? कापडाचं दुकान बंद, आणि ह्यांच्या नावाने इन्कम टॅक्सची नोटीस आलेली. माणूस गेला तरी सरकारला तो गादीवर बसलेलाच दिसत होता! विम्याचे कागद भाऊजींनी आधीच ताब्यात घेतले होते. वारस मी आहे असं बयान कचेरीत तोंडी दिलं, तरच दोन्ही कामं सुटणार होती. नाहीतर वारस व्हायला भाऊजी तयारच होते. मला सगळं कळत होतं, चौथीपर्यंत शिकलेली होते मी. पण कारकुनाने मयताचं नाव विचारलं आणि मी पदर तोंडाशी धरला.

ह्यांचं नाव मी आयुष्यात घेतलं ते उखाण्यात. त्या कारकुनालाही तेच सुचलं. मग उखाणा घ्या ना बाई, म्हणाला. भाऊजी हसले, माझ्या कोऱ्या कपाळाकडे बघून हसले. ते हसणं मी विसरणार नाही.

माझ्यासोबत आलेली तू दाराशी बसली होतीस, ती उठून आत आलीस. ह्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत सांगितलंस. मग म्हणालीस, "अन् वारस हे बाई हाय, लिवा. तिचा दीर नाई." तू कोण, म्हणून कारकून खेकसला. तू जागची हलली नाहीस. मी होय म्हटलेलं त्याने लिहून घेतलं तेव्हाच टेबलापासून सरलीस. माझं घर त्या दिवशी वाचलं.

परतताना तू तुझं सांगितलंस. तुझा नवरा कापसाच्या जीनमध्ये यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. साहेबाने नाव विचारलं, तू गप्प राहिलीस. दिराने नाव सांगितलं, अंगठा दिला आणि भरपाई घेऊन गेला. तू कोरड्या डोळ्यांनी सांगत होतीस आणि रडत होते मी.

मग माय, स्वतःवर एवढं बेतूनही तू ते नाव का घेतलं नाहीस? शेवटच्या आजारात पेज भरवताना मी हट्ट धरला होता. दिराचं घर तापाच्या साथीत बुडालं, जीन कधीच बंद पडली. आता तरी सांग, म्हटलं, तुझ्यामागे कुणाला ठाऊक असणार? तू भिंतीकडे तोंड फिरवलंस.

"सारं गेलं वं पोरी, तेवढंच माह्यापाशी राह्यलं. ते कायले देऊ कोनाले?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली. आता तुझा रागही येतो आणि रडूही येतं. कोतवालाने शेवटी त्या जागी नुसती रेघ ओढली. ज्याच्यासाठी तू जन्मभर तोंड मिटलंस, त्याचं नाव आता या जगात कुणालाच ठाऊक नाही. एवढं कसं गं घेऊन गेलीस?

कोतवाल निघाला तेव्हा वाडीच्या फाटकात तेल्याची सून उभी होती. तिचा नवरा नुकताच गेला आहे आणि तिलाही कचेरीतून बोलावणं आलं आहे. ती तुलाच न्यायला आली होती, बिचारीला काही माहीत नव्हतं. तू गेलीस, हे मीच तिला सांगितलं.

उद्या तिच्याबरोबर मी जाणार आहे, माय. पण तिच्या नवऱ्याचं नाव मी घेणार नाही. ते तिलाच घ्यायला लावीन, रडली तरी. वाटेत आधी माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन दाखवीन, म्हणजे जीभ झडत नाही हे तिला दिसेल. दार लावून घेऊन मघाशी मी म्हणून बघितलं. आवाज कापला, पण नाव आलं. आता कागदावर लिहिते आहे, पहिल्यांदाच.

तुझी,
यशोदा महादेव गावंडे