कळलावीच्या बरण्या

१० नोव्हेंबर १९५७
टांगा सियागंजातल्या पोत्यांतून वाट काढत जुन्या इंदुरात आला. प्रतापराव वैद्यांनी स्वतः माझी ट्रंक उचलली. निवृत्त मास्तरणीला औषधांच्या बरण्या सांभाळायचं काम मिळालं, खोली मिळाली आणि खिडकीखाली कळलावीचा मळा! वेल आता वाळलेत. वैद्यांच्या सुनेनं, पद्मजानं, पहिल्याच चहाला मला मावशी करून टाकलं. कॉन्व्हेंटचं बोर्डिंग सुटल्यापासून इतक्या मायेनं कुणी वाढलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर
माळी लक्ष्मण आणि त्याची बायको मंजुळा यांनी कंद खणले. कच्चा कंद पोटात गेला तर माणूस मरतो. म्हणून चकत्या सात दिवस मीठ घातलेल्या ताकात ठेवायच्या, ताक रोज बदलायचं, मग वाळवून पूड. घरातल्या कुणी चमचाभर चाखल्याशिवाय बरणी रोग्याकडे जात नाही. ताक लक्ष्मण आणतो; बरण्या माझ्याकडे. तो हसून म्हणाला, मेमसाबजी, ह्यात साबण मत टाकजो हं!

१८ नोव्हेंबर
ताकाचा आंबूस वास सहन होईना. बोर्डिंगच्या सिस्टरना तांब्यावर एक डाग खपत नसे. मी बरण्या घासल्या, चकत्या ताकाऐवजी उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवल्या. उरलेले दिवस हेच करीन. किती स्वच्छ दिसतायत!

२५ नोव्हेंबर
आज चाखायची पाळी माझी. पद्मजा म्हणाली, मावशी, तुम्ही नव्या, आज मी. चमचा चाटला, तोंड वाकडं करून हसली. तासाभरात ओठ जळू लागले. मग उलट्या. संध्याकाळी रक्त.

२७ नोव्हेंबर
पद्मजा गेली. शेवटपर्यंत विचारत होती, मावशी, तुम्ही नाही ना चाखलंत?
ते पाणी. माझं पाणी.

२८ नोव्हेंबर
प्रतापरावांनी लक्ष्मणाला अंगणात ओढलं. म्हणाले, ताकात पाणी घातलंस, चोरा. तो म्हणत राहिला, ताक अस्सल था, सरकार. त्याचा हात लोखंडी खलात धरून वरून बत्ता घातला. एकदा नाही. बोटांचा आवाज मी खिडकीतून ऐकला. मी तोंड उघडलं असतं तर—

२९ नोव्हेंबर
बत्ता नंतर डोक्यावर बसला होता. लक्ष्मण सकाळी मेला. मी अजून गप्प. देवा, मी इतकी भित्री—

२९, दुपार
मंजुळा. प्रतापराव तिला केसांना धरून खलाकडे नेतायत. म्हणतायत, तुम्ही दोघं सामील होतात. दाराला आतून कडी मीच घातली आहे.

मी ओरडले. खिडकीतून. मी, पाणी मी घातलं, असं—
त्यांनी वर पाहिलं. मंजुळा सुटली. फाटकातून पळाली— पळ, बाई, पळ—

जिन्यावर पावलं. बत्ता पायरीपायरीवर आपटतोय.
लिहून ठेवते, कुणी वाचलं तर. लक्ष्मणाचं ताक चांगलं होतं. मंजुळेचा काही दोष नाही. पद्मजाला मी—

कडी निखळली. प्रतापराव, थांबा, एवढी ओळ पुरी कर